जिभाऊंचा मागचा एसी

अहो, ऐकलंत का? जिभाऊंच्या गाडीचा मागचा एसी नीट झाला एकदाचा! नीट म्हणजे किती, तर काल आक्का मागच्या सीटवरून म्हणाल्या, "बस रे भाऊ, कमी कर, गुडघे दुखाले लागनात." आक्का म्हणाल्या हं! धुळ्याच्या. ज्यांनी आखाजीला त्या गाडीतून उतरल्यावर सगळ्या गल्लीसमोर जिभाऊंची लाज काढली होती, त्याच.

तर ती गाडी तुम्हाला ठाऊकच आहे. एमएच-19 ची, 2008 सालची, तीन रांगांची. पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत पाच हजार भरून पुन्हा पासिंग करून आणली, वर ग्रीन टॅक्स वेगळा. तेव्हाच वहिनींचे धाकटे दीर म्हणाले होते, "दादा, भंगारात द्या आता." जिभाऊ काही बोलले नाहीत, पण दोन महिने त्यांच्याकडे जेवायला गेले नाहीत! आणि सकाळी तलावावर फिरायला जायचं तर तिथवरही गाडीनंच जातात. अहो, मेहरूणच्या माणसानं मेहरूणच्या तलावावर गाडीनं जायचं... पण जाऊ द्या, आपल्याला काय करायचंय.

दर चैत्रात यांचा नेम ठरलेला. हनुमान जयंती झाली की गाडी घ्यायची, हायवेवरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी करायची आणि गॅस भरून आणायचा. "टॉप-अप," म्हणतात ते. दोन आठवडे गार. तिसऱ्या आठवड्यात मागचं कोमट. मे उजाडला की मागे नुसता वारा, आणि तोही उन्हातला. आपल्याकडे पारा 45 ला टेकतो, कधी वरही जातो. मागच्या सीटवर बसलेल्याचं काय होत असेल ते पुढे स्टिअरिंग धरलेल्याला कसं कळणार? वहिनी कितीदा म्हणाल्या असतील, "अहो, दरवर्षी गॅस जातो कुठे?" तर उत्तर ठरलेलं, "जुनी गाडी आहे, खाते थोडा." खाते! जसं काही ते डिझेल आहे.

आता आखाजीचं ऐका. दोन्ही मुली माहेरी आलेल्या, झोका बांधलेला, खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, सगळं साग्रसंगीत. दुसऱ्या दिवशी ठरलं, पद्मालयाला जाऊ. एरंडोलच्या बाजूचं ते, डाव्या-उजव्या सोंडेचे दोन गणपती आहेत ना, तिथे. निघायचं म्हणता म्हणता झाले साडेअकरा. पुढे जिभाऊ आणि थोरले जावईबापू, मध्ये वहिनी नि मुली, आणि अगदी मागे आक्का, सोबत तीन नातवंडं. आक्कांना मागे कुणी बसवलं, यावर अजून एकमत नाही. वहिनी म्हणतात यांनी, जिभाऊ म्हणतात हिनं.

पाळधीपर्यंत आक्का गप्प होत्या. त्यानंतर मागून आवाज आला, "भाऊ, हाऊ एसी शे का चुल्हा?" जिभाऊ म्हणाले, "चालू आहे आक्का, मागे यायला जरा वेळ लागतो." एरंडोल आलं तरी वेळ लागतच होता! धाकटी मला सांगत होती, आक्कांनी पदर ओला करून डोक्यावर घेतला आणि तिन्ही पोरांचे सदरे काढून टाकले. देवळात पोचले तेव्हा गणपतीसमोर तीन नातवंडं उघडी नि आक्का घामानं निथळत उभ्या. पुजाऱ्यांनी विचारलं म्हणे, "आजी, कुंडात उतरल्या होता का?"

तर काय सांगत होते... हां, पाणी. परत आले ना दुपारी, तेव्हा मी इथेच कुंपणाशी उभी होते, कपडे वाळत घालत होते हो, मुद्दाम नाही. आक्का उतरल्या आणि खाली वाकून बघतात तर मागचं कार्पेट चिंब. "गाडीमा पानी कथाईन उनं व माय?" सगळे गोळा झाले. कुणी म्हणालं पोरांनी बाटली सांडली. पोरं म्हणाली आम्ही नाही. तेवढ्यात जावईबापू पुढे झाले. पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहेत, हिंजवडीला. चष्मा सारखा केला, बोट बुडवून बघितलं आणि जाहीर केलं, "गॅस लीक झालाय, मामा. हे बघा, गॅसच आहे हा." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, जिभाऊंनीसुद्धा!

पलीकडच्या गल्लीतले सर तेवढ्यात सायकलवरून चालले होते. केमिस्ट्रीचे, रिटायर्ड झाले ते. थांबले. थांबणारच. म्हणाले, "गॅस? तो गॅस उणे 26 अंशांना उकळतो. इथे 44 आहे. बोटाला लागेपर्यंत तो थांबेल का तुमच्यासाठी?" जावईबापूंचा चेहरा असा उतरला, असा उतरला की मला त्यांना सरबत द्यावंसं वाटलं. बोट अजून हवेत होतं बिचाऱ्यांचं.

ते पाणीच होतं साधं. एसीत हवा थंड झाली की कॉइलवर दव धरतं, ते एका नळीतून गाडीखाली टपकायचं असतं. आपण बघतोच ना, गाडी उभी केली की खाली ओघळ येतो, त्यात काही बिघाड नसतो. पण यांची मागची नळी तुंबलेली. मागचा एसी गाडीतलीच हवा ओढतो, त्याच्या जाळीला वेगळा फिल्टरही नाही, आणि मागे बसून पोरं फुटाण्याची सालं, शेंगांची टरफलं... सगळं आत. नंतर मेकॅनिकनं नळी फुंकली तेव्हा काय काय निघालं ते वहिनींनी मला सांगितलं, मी तुम्हाला सांगणार नाही. केस तर बोटभर. ओलं चिखलट कॉइलला चिकटून राहिलं की ती अॅल्युमिनियमची कॉइल हळूहळू सडते म्हणे. म्हणजे आज पाणी, उद्या गॅस.

म्हणून एका गाडीत दोन गळत्या! कार्पेटवर पाण्याची, आणि दुसरी ती दरवर्षीची, जी डोळ्यांना दिसतच नाही. जिभाऊ म्हणत होते, "एक मिटली तर दुसरी पण मिटेल." सरांनी तिथल्या तिथे सायकल स्टँडवर लावली. मी मनात म्हटलं, आता पुराण सुरू.

आणि झालंच. पूर्वी गाड्यांत आर-12 भरायचे, त्यानं ओझोनला भोक पडलं, मग 1987 साली मॉन्ट्रियलला करार झाला, आपला देश त्यात 1992 साली शिरला, आणि 2008 च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे तसले सीएफसी बनवणं थांबलं, दम्याच्या पंपासाठी तेवढी थोडी सूट होती. "तुमच्या गाडीचं आणि त्याचं वर्ष एकच, जिभाऊ," असं म्हणून सर हसले, एकटेच. तुमच्या गाडीत आर-134ए आहे, म्हणाले, तो ओझोनला काही करत नाही, पण हवेत सुटला की उष्णता धरतो, किलोला किलो तोलला तर कार्बन डायऑक्साइडच्या 1430 पट. म्हणून तर 2016 ला किगालीला पुन्हा बैठक झाली, 2021 ला आपण तिथल्या कराराला मान्यता देऊन मोकळे झालो, आणि 2032 पासून हाही कमी करत न्यायचाय. वहिनींनी मध्येच विचारलं, "म्हणजे आमचा अर्धा किलो उडाला तर?" सरांनी हवेतच गुणाकार केला. सातशे किलोच्या वर! "तरीच मे महिन्यात इतकं तापतं," आक्का म्हणाल्या आणि जिभाऊंकडे बघितलं. सगळ्या खानदेशचा उन्हाळा एकट्या जिभाऊंवर, अशा नजरेनं!

बरं, मग गाडी दाखवायला नेली. त्या शेडवाल्याकडे नाही हं. वहिनींनी सांगून टाकलं, तिकडे जायचं असेल तर मी मुलींबरोबर पुण्याला जाते. पहिला मिळाला तो गॅरेजवाला, नाव कशाला घ्यायचं. त्यानं बॉनेटसुद्धा उघडलं नाही. म्हणाला, मागची कॉइल गेली, अख्खं साइड पॅनेल उतरवावं लागेल, कॉइल नवी, वॉल्व्ह नवा, ड्रायर नवा. आकडा सांगितला तेव्हा जिभाऊंनी म्हणे खुर्ची शोधली. दुसरा म्हणाला, कशाला एवढं, मागची लाइनच ब्लॉक करून टाकू. पुढे दोन डमी मारतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा, पुढे बर्फासारखं गार.

जिभाऊंना हे फार पटलं. स्वस्त होतं ना! घरी येऊन सांगितलं, बुधवारी ब्लॉक करून आणतो. वहिनी भाकरी थापत होत्या, कळण्याची. हात न थांबवता म्हणाल्या, "आणा. आणि त्या दिवसापासून मागे तुम्ही बसायचं. गाडी मी चालवेन." वहिनींनी लायसन्स काढलेलं आहे, तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं! जिभाऊंनाही विसर पडला असावा, कारण धाकटी सांगते, बाबांच्या हातातला घास तसाच राहिला.

खरं सांगू का, ब्लॉक करणं काही पाप नाही. शेवटी ज्यानं काम केलं त्या मेकॅनिकनंही तेच सांगितलं नंतर. ज्याच्या मागच्या सीटवर केळीचे घड नि कांद्याच्या गोण्याच जातात त्यानं खुशाल नळी पुढेच बंद करावी, गॅस मात्र मग कमी भरायचा, स्टिकरवरच्या आकड्यानं नाही. पण ज्या घरी मुली माहेरी येतात, आक्का धुळ्याहून येतात, त्या घरानं तीन रांगांची गाडी ठेवायची आणि तिसऱ्या रांगेला उन्हात टाकायचं... मला विचाराल तर हे मला नाही पटत.

तर काय सांगत होते, तिसरा मेकॅनिक. एमआयडीसीकडचा, पोरगाच आहे, पण हात काय! वहिनी स्वतः गेल्या होत्या, म्हणून मला सगळं बारीकसारीक माहीत. त्यानं पहिल्यांदा जिभाऊंनाच बसवलं आणि विचारलं, "काका, घरातला फ्रिज किती वर्षांचा?" "बारा." "त्यात दर चैत्रात गॅस भरता का?" जिभाऊ गप्प. गॅस संपत नसतो म्हणाला, तोच तो फिरत राहतो. रबरी होजमधून, कॉम्प्रेसरच्या सीलमधून किंचित झिरपतो, पण ते वर्षानुवर्षांचं काम. दोन आठवड्यांत कोमट झालं तर भोक आहे, आणि भोक आधी शोधायचं, गॅस मग.

जिभाऊंनी आपली हुशारी सांगितली, मी मागचा पंखा बंद ठेवतो, म्हणजे मागचा गॅस वाचतो. पोरगं हसलं नाही, फार सभ्य. म्हणालं, काका, पुढचा-मागचा असे दोन एसी नाहीत. कॉम्प्रेसर एक, गॅस एक, फक्त कॉइल दोन. बॉनेटमधून दोन नळ्या गाडीच्या पोटाखालून मागे जातात, एक जाड नि एक बारीक. तुमच्या गाडीत मागची वाट बंद करणारा वेगळा वॉल्व्ह नाही. पंखा बंद केला तरी गॅस मागे जाणारच, आणि मागे भोक असलं की पुढचाही गॅस तिथूनच जाणार. वर गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल फिरत असतं, तेही थोडं थोडं बाहेर. तेल कमी झालं की एक दिवस कॉम्प्रेसर जाम होईल, मग कॉइलचा आकडा तुम्हाला स्वस्त वाटेल. वहिनी म्हणाल्या, यांचा चेहरा मी लग्नात सुद्धा इतका गंभीर बघितला नव्हता.

मग जावईबापूंनी दुसऱ्यांदा प्रयत्न केला. ऑनलाइन एक डबा मागवला होता, लीक-स्टॉप. टाकला की आतून भोक बुजतं म्हणे. पोरानं डबा हातात घेतला, वाचला, आणि परत दिला. "हे माझ्या मशीनमध्ये गेलं तर मशीन बाद, तुमच्या वॉल्व्हमध्ये अडकलं तर वॉल्व्ह बाद." जावईबापू बाहेर जाऊन फोनवर बोलत बसले. कुणाशी, कुणास ठाऊक.

आणि शोधलं कसं, ते तर ऐकाच. सगळा उरलासुरला गॅस मशीनमध्ये ओढून घेतला, हवेत नाही सोडला. मग नायट्रोजन भरला, 150 पर्यंत काटा. साधी हवा का नाही, तर हवेत ओल असते, आणि ओल आत गेली की तेलात मिसळून आम्ल होतं, वॉल्व्हमध्ये बर्फही धरतो. गाडी वर उचलली. वहिनी खाली उभ्या, हातात टॉर्च त्यांच्याच. पोरगं नळीवर बोट फिरवत चाललं, कुठे चिकट लागतंय ते बघत. गॅसबरोबर तेल बाहेर येतं ना, त्यावर धूळ बसते आणि काळा लेप होतो. मागच्या चाकाच्या अलीकडे, जिथे नळी लोखंडी क्लॅम्पनं धरलीय, तिथे बोट थांबलं. क्लॅम्पमधलं रबर केव्हाच गळून गेलेलं, लोखंड नि अॅल्युमिनियम एकमेकांना घासतायत, मध्ये चिखलाचं ओलं, आणि नळीवर पांढरी भुकटी धरलेली. साबणाचं पाणी मारलं. एक क्षण काही नाही. मग एक बुडबुडा. मग त्यामागून दुसरा, अगदी बारीक, मोहरीएवढा. वहिनींनी टॉर्च तसाच धरून ठेवला आणि जिभाऊंना हाक मारली, "या, बघा, तुमचे दर चैत्राचे पैसे इथून जातायत."

आणि तो चिखल कुठला, माहितीये? तलावाच्या रस्त्याचा! रोजचं ते मॉर्निंग वॉक!

जिभाऊंनी लगेच विचारलं, "एम-सील लावलं तर?" पोरगं पहिल्यांदा हसलं.

कॉइलचा संशय मात्र राहिलाच होता, कारण पहिल्या गॅरेजवाल्यानं इतक्या खात्रीनं सांगितलं होतं. पोरानं मागची कॉइल नळ्यांपासून वेगळी केली, टोकं बांधली, तिच्यात एकटीत नायट्रोजन भरला आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली. त्या रात्री जिभाऊंना झोप नाही. सकाळी सात वाजता शटर उघडायच्या आधी हजर, आणि तेही रिक्षानं. काटा जिथल्या तिथे! कॉइल धडधाकट, फक्त घाण. साफ केली, जोडावरच्या दोन ओ-रिंगा कडक होऊन भेगाळल्या होत्या त्या नव्या घातल्या, हिरव्या, तेलाचा हात लावून. नळीचा तेवढा तुकडा नवा बसवला, क्लॅम्पला रबर. सिस्टिम उघडली म्हणून ड्रायरही बदलला, तिथे वहिनींनी घासाघीस केली नाही. मग व्हॅक्यूम, चांगला अर्धा-पाऊण तास, आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेत तेवढेच ग्रॅम गॅस, काट्यावर तोलून. सिलिंडर वहिनींनी वाचून घेतला हं. स्वस्तातल्या काही ठिकाणी जळणारा गॅस मिसळतात म्हणे, आणि मागची कॉइल तर पोरांच्या कानाशी असते. अंगावर काटाच आला माझ्या.

एकूण बिल? अहो, मी विचारलं नाही. वहिनींनीच सांगितलं, पहिल्यानं सांगितलं होतं त्याच्या पाव हिश्शात झालं. आणि शेडवाल्याला आजवर दर चैत्राला दिले त्याची बेरीज त्यांनी कॅलेंडरच्या मागे करून ठेवलीय. जिभाऊ त्या भिंतीकडे पाठ करून बसतात.

आता खरी गंमत. ते धाकटे दीर, भंगारवाले... काल आले होते संध्याकाळी. चहा घेतला, गाडीभोवती एक चक्कर मारली, काच खाली-वर करून बघितली. मग म्हणतात, "दादा, श्रावणात कानबाईला आमच्याकडची सगळी मंडळी गावी जायचीय, आठ जण आहोत. तुमची गाडी मिळेल का? मागचा एसी झाला ऐकलं." जिभाऊ तर हो म्हणायलाच टेकले होते, भाऊ आहे ना शेवटी. पण वहिनी आतून हात पुसतपुसत आल्या आणि म्हणाल्या, "न्या की, भाऊजी. फक्त मागे फुटाणे खायचे नाहीत, आणि गाडी मी चालवणार."

दिरांनी कप खाली ठेवला तो बशीच्या बाहेर!